आंबागडला उत्तर उशिरा येतं

युनिट टेस्टची कल्पना मला पहिल्या वाचनातच पटली होती. फंक्शनला काहीतरी द्यायचं, ते काय परत देतं ते बघायचं, अपेक्षेशी जुळलं तर हिरवं, नाही तर लाल. क्विंटलचा भाव आणि वजन दिलं की रक्कम बरोबर येते का, याची टेस्ट मी लिहिली आणि ती सरळ चालली. गोंधळ सुरू झाला तो पुढच्या फंक्शनपाशी. ते सर्व्हरला भाव विचारत होतं. त्याला बोलावलं की हातात भाव पडत नव्हता, "मिळाला की देईन" असा नुसता वायदा पडत होता. डार्ट भाषेत याला फ्यूचर म्हणतात. त्याच्यापुढे अवेट लिहिलं की फंक्शन तिथे थांबतं आणि वायदा पुरा झाला की पुढे सरकतं. वाचताना यात अवघड काही वाटलं नाही. पण ज्याचं उत्तर आत्ता हातात नाहीच, ते बरोबर आहे की नाही हे आत्ता कसं तपासायचं? या प्रश्नापाशी मी बराच काळ अडकून होते, आणि जे पुढे उलगडलं ते इतकं सुंदर वाटलं की लिहून ठेवावंसं वाटतंय.

मी आंबागडची. घरी बसून नागपूरच्या एका छोट्या गटासाठी काम करत शिकते आहे. आम्ही डार्टमध्येच लिहायच्या फ्लटरमध्ये एक ॲप बनवतोय. भंडारा जिल्ह्यातल्या बाजार समित्यांचे धानाचे भाव त्यात दिसतात. तुमसर, भंडारा, लाखनी, पवनी अशी यादी, नाव दाबलं की त्या समितीचा त्या दिवसाचा भाव. एवढंच. दिसायला अगदी साधं काम.

पण आंबागडमध्ये ते साधं राहत नाही. गाव तुमसरपासून फार दूर नाही, मात्र आहे सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. वर डोंगरावर किल्ला. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याचा सुभेदार राजा खान पठाण यानं तो १७०० च्या सुमारास बांधला असं सांगतात. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि त्यांनी तिथे कैदी ठेवले. किल्ल्याच्या बुरुजावर फोन धरला तर रेंजच्या सगळ्या काड्या भरतात. खाली, डोंगराच्या आडोशाला आलं की रेंज येते-जाते. एखादी विनंती लगेच पोचते, एखादी मध्येच लटकते. आणि कधीकधी असं होतं की नंतर विचारलेल्याचं उत्तर आधी येतं, आधी विचारलेल्याचं मागून.

हे मला आमच्या काकाजींमुळे कळलं. त्यांनी तुमसर दाबलं, गोल फिरत राहिला. कंटाळून त्यांनी लाखनी दाबलं. लाखनीचा भाव आला, आणि क्षणभरात पडद्यावरचा आकडा आपोआप बदलला. काकाजी त्याच दिवशी तुमसरला माल घालून आले होते, तिथला भाव त्यांना पाठ होता. "मी लाखनी दाबलो न वो बाई," ते म्हणाले, "आन् नाव लाखनीचं दाखवून भाव तुमसरचाच सांगून राह्यलं हे."

मी नागपूरला कळवलं. तिथे सगळ्यांनी दाबून पाहिलं, सगळं बरोबर आलं. तिथे उत्तर इतकं झटकन येतं की दुसरं नाव दाबायला बोट उचलेपर्यंत पहिलं काम संपलेलं असतं. मी पुन्हा करून पाहिलं तर माझ्याकडेही कधी व्हायचं, कधी नाही. जी चूक बोलावून येत नाही ती दुरुस्त झाली की नाही हे तरी कसं समजावं? शेतकरी ज्या आकड्यावर ट्रॅक्टर भरायचा की नाही हे ठरवतो, तो आकडा चुकीच्या नावाखाली दिसणं मला सहन होत नव्हतं. फरक क्विंटलमागे वीस-तीस रुपयांचा असला तरी पोती मोजा म्हणजे कळेल.

आमच्या गटातल्या वरिष्ठ मॅडमनी फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "टेस्टमध्ये खरा सर्व्हर आणूच नको. भाव आणणारा जो क्लास आहे, त्याच्या जागी उभा राहील असा खोटा क्लास तूच लिही. लायब्ररी नको, हाताने लिही."

मला हे उलटं वाटलं. सगळीकडे तर तयार मॉक, म्हणजे असे खोटे क्लास, देणाऱ्या लायब्रऱ्यांची शिकवणी असते. डार्टमध्ये मॉकिटो आहे. ती तुमच्यासाठी मॉकची फाइल स्वतः तयार करून देते. मग हाताने का? मॅडमचं म्हणणं होतं की या कामात काय उत्तर द्यायचं यापेक्षा ते केव्हा द्यायचं हा प्रश्न मोठा आहे, आणि "केव्हा" हे स्वतःच्या हाताने लिहिल्याशिवाय तुला दिसणार नाही. मी वाचायला लागले तेव्हा कळलं की या प्रकाराची सुरुवातच हाताने झाली होती. टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन आणि फिलिप क्रेग यांनी २००० साली एक्सपी, म्हणजे एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगच्या, परिषदेत मॉक ऑब्जेक्ट्सवर जो निबंध मांडला, त्यातले मॉक हाताने लिहिलेलेच होते. लायब्रऱ्या मागून आल्या. पुढे २००७ मध्ये जेरार्ड मेझारोस यांनी आपल्या पुस्तकात अशा खोट्या साथीदारांचे पाच प्रकार वेगळे केले: डमी, स्टब, स्पाय, मॉक आणि फेक. काटेकोर बोलायचं तर मी जे लिहिलं त्यात स्टब आणि स्पाय दोन्ही मिसळलेले होते. आमच्या गटात सगळ्यालाच मॉक म्हणतात, म्हणून मीही तसंच म्हणते.

डार्टमध्ये हे लिहायला भाषेचीच मदत होते. प्रत्येक क्लास आपोआप एक इंटरफेसही असतो, त्यामुळे वेगळा इंटरफेस न आखता थेट "मी त्या क्लाससारखाच वागेन" असं म्हणून दुसरा क्लास लिहिता येतो. खऱ्या क्लासमध्ये एकच मेथड होती: समितीचं नाव घ्यायची आणि भावाचं फ्यूचर द्यायची. माझ्या खोट्या क्लासमध्येही तीच. नाव आलं की लगेच २३६९ हा आकडा तयार फ्यूचरमध्ये घालून परत. २०२५-२६ च्या खरिपात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये आणि अ दर्जाचा २३८९ होता. टेस्टमध्ये हेच दोन आकडे ठेवले, म्हणजे बघताक्षणी ओळखीचे वाटतात. टेस्ट हिरवी आली.

आणि काकाजींच्या फोनवर चूक तशीच होती.

इथे मी खरोखर चक्रावले. मग मॉककडे नीट पाहिलं. हा मॉक विचारताच उत्तर देतो. तुमसर विचारलं, उत्तर तयार. लाखनी विचारलं, उत्तर तयार. दोन्ही उत्तरं ज्या क्रमानं विचारलं त्याच क्रमानं पोचणार, नेहमीच. म्हणजे नागपूरच्या कार्यालयापेक्षाही चांगली रेंज मी टेस्टमध्ये बसवली होती. आंबागडची रेंज बसवायला हवी होती.

माझ्या मनात पुढचा उपाय आला तो कुणालाही येईल असाच: मॉकमध्ये मुद्दाम उशीर घालायचा. तुमसरला तीनशे मिलिसेकंद, लाखनीला शंभर. यानं चूक पकडली जाते, हे खरं आहे. पण मॅडमनी ते ठेवू दिलं नाही, आणि कारण मला हळूहळू पटलं. एकेका टेस्टमध्ये असा थोडा थोडा उशीर घातला की शेकडो टेस्ट चालवताना माणूस चहा घेऊन येतो. मग टेस्ट चालवायचाच कंटाळा येतो. त्याहून वाईट म्हणजे शंभर आणि तीनशे हे अंदाज आहेत. मशीनवर दुसरं जड काम चालू असेल तर दोन टायमर जवळजवळ एकत्र वाजतात आणि नेमकं काय तपासलं गेलं याची खात्री उरत नाही. रेंजच्या भरवशावरचं ॲप तपासायला मशीनच्या मूडच्या भरवशावरची टेस्ट लिहिण्यात काय अर्थ?

याच दरम्यान दुसरी एक गोष्ट दिसली, ती मला आजही सगळ्यात भीतीदायक वाटते. फ्यूचरचं उत्तर आल्यावर काय तपासायचं ते मी एका कॉलबॅकमध्ये लिहिलं होतं, पण त्या फ्यूचरसाठी टेस्ट थांबतच नव्हती; अवेट नव्हतं. टेस्टचं फंक्शन शेवटच्या ओळीपर्यंत धावत गेलं, कुठे काही बिनसलं नाही, म्हणून हिरवं झालं. तपासणी मागून व्हायची होती. कधी ती मागून होऊन "ही टेस्ट पूर्ण झाल्यावर नापास झाली" असा विचित्र संदेश यायचा. कधी सगळं चालणं त्याआधीच संपायचं आणि काहीच यायचं नाही. साध्या कोडमध्ये टेस्ट निदान खोटं बोलत नाही. इथे ती काही न तपासता पास होऊ शकते. त्यानंतर मी दोन सवयी लावून घेतल्या. एक, डार्टच्या कोड-विश्लेषकाचा "अनअवेटेड फ्यूचर्स" हा नियम चालू ठेवायचा. असिंक फंक्शनमध्ये एखादं फ्यूचर वाऱ्यावर सोडलं की तो त्याच्याखाली रेघ ओढतो. दुसरी, कुठलीही नवी टेस्ट हिरवी आली की अपेक्षित आकडा मुद्दाम बिघडवून बघायचा. २३६९ च्या जागी १ लिहिला आणि तरीही हिरवंच, तर ती टेस्ट नाहीच.

मग कम्प्लीटर भेटला.

डार्टमध्ये फ्यूचर ही वायद्याची वाट बघणाऱ्याची बाजू, आणि कम्प्लीटर ही वायदा पुरा करणाऱ्याची. कम्प्लीटर बनवला की त्याच्याजवळ एक फ्यूचर असतं; ते कुणालाही देऊन टाकता येतं. उत्तर मात्र तोवर येत नाही, जोवर कम्प्लीटर हातात असलेला "कम्प्लीट" म्हणत नाही. धानाच्या बांधीत पाणी वर अडवून ठेवलेलं असतं आणि आपण ज्या बांधीचं तोंड फोडू तिथेच ते जातं, तसं. ही वायद्याची कल्पना बरीच जुनी आहे: डॅनियल फ्रीडमन आणि डेव्हिड वाइज यांनी १९७६ मध्ये प्रॉमिस हे नाव वापरलं, हेन्री बेकर आणि कार्ल ह्यूइट यांनी १९७७ मध्ये फ्यूचरवर लिहिलं. जे मला कालपरवाचं वाटत होतं ते माझ्या आईच्या वयाचं निघालं.

आता मॉक असा झाला. त्याच्यात एक यादी. कुणी भाव विचारला की तो समितीचं नाव आणि एक नवा कम्प्लीटर यादीत टाकतो, त्या कम्प्लीटरचं फ्यूचर परत करतो आणि गप्प बसतो. सगळा मिळून दहा-बारा ओळींचा क्लास. त्याला आकडे माहीत नाहीत, उशीर माहीत नाही. उत्तर कोणतं आणि केव्हा, हे दोन्ही टेस्टच्या हातात.

टेस्ट लिहिली: तुमसर निवड, थांब, लाखनी निवड, थांब, मग मॉकच्या यादीतल्या दुसऱ्या विनंतीला २३८९ दे, पहिलीला २३६९ दे, पडद्यावर लाखनी आणि २३८९ आहे का बघ. चालवली. पहिल्याच ओळीवर अडकली. ना लाल, ना हिरवी. तीस सेकंदांनी टेस्टच्या ठरलेल्या मुदतीनं तिला बंद पाडलं. मी पुन्हा चालवली, पुन्हा तीस सेकंद. का? शेवटी कागदावर ओळी लिहून एकेकीवर बोट ठेवत गेले तेव्हा दिसलं. "तुमसर निवड" याच्यापुढे अवेट होतं. म्हणजे टेस्ट तुमसरच्या उत्तरासाठी थांबली होती. आणि ते उत्तर देणारी ओळ त्याच टेस्टमध्ये खाली होती. जिनं द्यायचं तीच वाट बघत उभी. आधी सांगितलेल्या प्रकारात अवेट नव्हतं म्हणून टेस्ट पोकळ निघाली, इथे अवेट होतं म्हणून गोठली. अवेट म्हणजे "उत्तर येईपर्यंत मी पुढची ओळ वाचणार नाही" हे मी आधी पाठ केलं होतं. समजलं त्या कागदावर.

उपाय असा की "तुमसर निवड" याचं फ्यूचर नुसतं एका चलात ठेवायचं, थांबायचं नाही. लाखनीचंही तसंच. मग उत्तरं सोडायची. मग त्या ठेवलेल्या दोन्ही फ्यूचरसाठी थांबायचं.

हे शेवटचं थांबणं मी सुरुवातीला वगळलं होतं. वाटलं, कम्प्लीट म्हटलं की झालंच. कम्प्लीटच्या पुढच्याच ओळीत भाव तपासला तर तो रिकामा! उत्तर दिलंय, तरी पोचलेलं नाही. डार्टमध्ये वायदा पुरा झाल्याची बातमी वाट बघणाऱ्याला त्याच क्षणी मिळत नाही. ती मायक्रोटास्कच्या रांगेत लागते, आणि चालू असलेलं कोड हातातलं काम टाकून थांबेल तेव्हाच रांग पुढे सरकते. टेस्ट स्वतःच चालू आहे, ती थांबतच नाही, मग रांग सरकणार कशी? ठेवलेल्या फ्यूचरवर अवेट लावलं की टेस्ट बाजूला होते, रांग चालते, पडद्यावरची निवड आणि भाव सांभाळणाऱ्या कंट्रोलरला उत्तर मिळतं आणि मग तपासायला काहीतरी असतं. जिथे असं फ्यूचर हाताशी नसतं तिथे टेस्ट लायब्ररीतलं "पंप इव्हेंट क्यू" हे फंक्शन रांगेला काही फेऱ्या फिरवून देतं. मला पहिला मार्ग जास्त आवडतो, कारण त्यात कशाची वाट बघतोय ते स्पष्ट लिहिलेलं असतं.

एवढं झाल्यावर टेस्ट लाल आली. अपेक्षित २३८९, मिळाले २३६९. नाव लाखनीचं, भाव तुमसरचा. काकाजींनी सांगितलेलं, अक्षरशः तेच, माझ्या लॅपटॉपवर, रेंज बंद करून, क्षणार्धात. पुन्हा चालवली, पुन्हा लाल. नागपूरला पाठवली, तिथेही लाल. इतका आनंद मला हिरव्या टेस्टनं कधी दिला नव्हता. डोंगराआडची रेंज आता सगळ्यांच्या मशीनवर होती.

दुरुस्ती छोटी होती. कंट्रोलर प्रत्येक विनंतीला एक वाढता क्रमांक देतो. उत्तर आलं की बघतो, हा क्रमांक अजून ताजा आहे का? मध्ये दुसरी विनंती निघाली असेल तर जुनं उत्तर सोडून देतो. तीन ओळी. टेस्ट हिरवी. मग विचारलेल्याच क्रमानं येणाऱ्या उत्तरांचीही टेस्ट लिहिली, म्हणजे एक सुधारताना दुसरं मोडायला नको.

कम्प्लीटर हातात आल्यावर मी एकेक आडवाट शोधायला लागले, आणि प्रत्येकीत नवं काही निघालं. उत्तर यायच्या आत माणूस पडदा बंद करून गेला तर? कंट्रोलर मोडीत निघालेला असतो आणि मागून आलेलं उत्तर त्याला उठवायला जातं. फ्लटर तिथे चूक फेकतं. टेस्टमध्ये हे घडवायला आधी कंट्रोलर बंद करायचा, मग कम्प्लीट म्हणायचं. खऱ्या सर्व्हरवर हा क्षण साधायचा म्हणजे नशीबच लागेल.

चुकांच्या बाबतीत मात्र मी जास्त रेंगाळले. मॉकनं बिघाड दाखवायचा तर तो दोन प्रकारे दाखवता येतो आणि ते दोन एकसारखे नाहीत. मेथडला बोलावताच तिथल्या तिथे अपवाद फेकणं हा एक. आधी फ्यूचर देऊन, मग "कम्प्लीट एरर" म्हणून तो वायदा मोडणं हा दुसरा. अवेटभोवती ट्राय-कॅच असेल तर दोन्ही पकडले जातात. पण जुन्या पद्धतीनं फ्यूचरला कॅच-एरर जोडलेलं असेल, तर पहिला प्रकार त्याला दिसतच नाही, कारण जोडायला फ्यूचर तयारच झालेलं नसतं. नेटवर्क तुटतं तेव्हा विनंती निघून गेलेली असते, फ्यूचर हातात असतं आणि मग ते मोडतं. म्हणून मॉकनंही तसंच वागायला हवं. आमच्या कोडमध्ये दोन ठिकाणी कॅच-एरर होतं. तिथे मी दोन्ही प्रकारच्या टेस्ट ठेवल्या. आणि एक गंमत: ज्या फ्यूचरची कुणीच वाट बघत नाही ते मोडलं, तर तो अपवाद कुणी न झेललेला म्हणून टेस्टच नापास होते. मला हे आवडतं. बेवारस चूक गप्प बसत नाही.

नंतर वेळेचा प्रश्न आला. सर्व्हरनं पंधरा सेकंदांत उत्तर दिलं नाही तर ॲपनं फोनमध्ये साठवलेला कालचा भाव दाखवायचा आणि त्यावर कालची तारीख ठळक लिहायची, असं ठरलं. पंधरा सेकंद खरोखर थांबायचं नाही म्हणून फेक-असिंक हे पॅकेज घेतलं. त्यात खोटं घड्याळ असतं. "पंधरा सेकंद गेले" म्हटलं की त्या मधल्या काळातले सगळे टायमर ओळीनं वाजतात, आणि टेस्ट डोळ्याचं पातं लवायच्या आत संपते. पण त्याच्या आत अवेट लिहून चालत नाही. रांगा चालवणं, घड्याळ पुढे ढकलणं, दोन्ही तुम्हीच करायचं. अवेट लिहून थांबलात तर घड्याळ कुणी ढकलायचं? हे वाचून मला पुन्हा तोच कागद आठवला आणि या वेळी गोंधळ झाला नाही. मॉकनं इथे करायचं ते सगळ्यात सोपं: कम्प्लीटर यादीत ठेवायचा आणि कधीच पुरा करायचा नाही.

हाताने लिहिलेल्या मॉकची एक बाजू मला बेचैन करते, ती सांगायलाच हवी. मॉक माझ्या समजुतीप्रमाणे वागतो. सर्व्हर सर्व्हरप्रमाणे. बाजार बंद असलेल्या दिवशी मी मॉककडून "सापडलं नाही" अशी चूक देत होते. सर्व्हर त्या दिवशी रिकामी यादी पाठवतो, चूक नाहीच. वाणांची नावं मी शिस्तीत सुवर्णा, एचएमटी अशी लिहिली होती. सर्व्हरकडून एकाच वाणाची नावं दोन-तीन तऱ्हांनी येतात. एचएमटीच्या बाबतीत हे मला विशेष लागलं, कारण ते वाण निवडून काढणारे दादाजी खोब्रागडे शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे, आणि त्यांच्या धानाचं नाव तरी पडद्यावर एकसारखं असावं. म्हणून आता टेस्टचा एक वेगळा छोटा संच आहे, तो खऱ्या सर्व्हरवर चालतो. रोज नाही, बदल बाहेर पाठवण्याआधी. तेच प्रश्न खऱ्या क्लासला आणि मॉकला, दोघांना विचारायचे. उत्तरांचं रूप जुळलं नाही तर मॉक बदलायचा. हा संच नागपूरहून चालवतात, कारण माझ्याकडे तो रेंजमुळे मध्येच तुटतो.

सध्या ज्या गोष्टीवर काम चालू आहे ती याहून गुंतागुंतीची आहे. ॲपमधून शेतकऱ्याला आदल्या दिवशी कळवता येईल, की उद्या मी इतकी पोती धान आणतोय. इथे भाव मागायचा नाही, नोंद पाठवायची. आणि इथे उत्तर हरवण्याचा अर्थ वेगळा होतो. विनंती पोचली, सर्व्हरनं नोंद केली, पण "झाली" हे उत्तर डोंगराआड अडकलं, तर ॲप म्हणणार मुदत संपली, माणूस पुन्हा बटण दाबणार, आणि चाळीस पोत्यांची ऐंशी होणार. यासाठी मॉकला पहिल्यांदाच दोन गोष्टी एकत्र कराव्या लागल्या: आलेली नोंद आपल्या यादीत खरोखर लिहून ठेवायची, आणि फ्यूचर मात्र अर्धवट सोडायचं. टेस्ट खोटं घड्याळ पंधरा सेकंद पुढे ढकलते, बटण दुसऱ्यांदा दाबते आणि फोन नोंदीला जो ओळखक्रमांक देतो तो मॉकच्या यादीतल्या दोन्ही नोंदींवर एकच आहे का ते बघते. फोनच्या बाजूनं तो आता एकच राहतो. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर नवी नोंद करायची नाही, हे सर्व्हरच्या बाजूला व्हायचंय. ती बाजू सांभाळणाऱ्या मंडळींना मी ही टेस्ट आणि मॉक दोन्ही पाठवले आहेत, म्हणजे उत्तर हरवतं ते नेमकं कोणत्या ओळीनंतर, हे त्यांना तिथे बसून बघता येईल.